कोरमचा अंगठा

आबाजींना उचलायचं म्हणजे आधी त्यांच्याशी बोलावं लागे. हे मोतालेबला कुणी शिकवलं नव्हतं. तो खाटेपाशी उकिडवा बसायचा, "काका, आता उठू या," म्हणायचा आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं आपल्या गळ्यातल्या गमछ्यात अडकवून द्यायचा. त्या हाताला धरायला काही मिळालं की आबाजींचं अंग सैल पडे. मग दोन्ही काखांतून हात घालून, गुडघे वाकवून तो त्यांना उभं करायचा आणि मागं मागं सरत न्हाणीच्या दगडापर्यंत न्यायचा. सगळी मिळून चार पावलं. पण ती चार पावलं सारजाला दीड वर्षात एकदाही जमली नव्हती.

सारजा काही काडीसारखी बाई नव्हती. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं, डोक्यावर बिऱ्हाड आणि कडेवर पोर घेऊन तिनं घाट चढले होते. पण नवऱ्याचं अंग आता भिजल्या घोंगड्यासारखं झालं होतं, उचलावं तिकडून निसटायचं. तरणेपणी दोन काखांत दोन मेंढ्या घेऊन नीरा ओलांडणारा माणूस. लकवा आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे तेवढे राहिले आणि डावा हात राहिला, तोही थरथरता.

पहिल्या दिवशी मोतालेबनं त्यांचं धोतर सोडलं तेव्हा सारजा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली होती. बाहेरचा माणूस, त्यात मुसलमान, आणि आपला नवरा उघडा. आबाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आठव्या दिवशी मात्र ती तांब्या हातात घेऊन "कानामागं घास, मोता, तितं मळ ऱ्हातोय," असं सांगत होती. माणूस लाजेलाही सरावतो, फक्त लाज वाटून घ्यायला सवड मिळू नये.

लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या अंगाला ही वाडी. मारकडांची दोन एकर द्राक्षं, घर बागेतच. मुलगा राम बारामतीत कंपनीत, सून दिपालीही तिथंच. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, जिना असा की भरली पिशवी घेऊन चढणाराही मधे थांबावा. आबाजींना तिकडं नेण्याचा विषय कधी निघालाच नाही. राम महिन्यातून एकदा सुट्टीला यायचा, बापाचे पाय चेपायचा, जाताना डोळे पुसायचा. तेवढं त्याच्याकडून होत होतं.

मोतालेब बंगालातल्या मालद्याचा. चार वर्षांपूर्वी टोळीबरोबर आला तो विरळणीला. द्राक्षाच्या घडात मणी दाटले की बारक्या कात्रीनं मधले मणी काढून टाकावे लागतात, मगच उरलेले फुगतात. आठ-दहा दिवसांत हे उरकलं नाही तर घड आतल्या आत चेंगरून सडतो. टोळीतली बाकीची माणसं दर हंगामाला बदलायची, मोतालेब राहिला. आबाजी पडल्यावर तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून घरालगतच्या पत्र्याच्या शेडात आला, हाक ऐकू यावी म्हणून. गावी बायको होती, दोन मुली होत्या. धाकटीचा आवाज सारजाला फोनवरून ओळखू यायचा.

भानगड सुरू झाली ती पळसदेवच्या अंगाला, एका केळीच्या बागेत. ट्रक आधी कुणी भरायचा यावरून इथली टोळी आणि बाहेरची टोळी यांची जुंपली. इथल्या एका पोराचं डोकं फुटलं, चौदा टाके पडले. संध्याकाळपर्यंत फोनाफोनीत तो मेलाही. खरं म्हणजे तो दवाखान्यात उठून बसला होता आणि चहात बिस्किट बुडवून खात होता, पण फोनवर मेलेला माणूस पुन्हा जिवंत करायला कुणाला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी इंदापूर बंद, तहसीलवर मोर्चा, हायवेवर मजुरांनी भरलेल्या टेम्पोवर दगड. भाड्याच्या खोल्यांतली भांडीकुंडी रस्त्यावर आली. तिसऱ्या दिवशी वाडीच्या कमानीला फलक लागला, बाहेरच्यांना गावबंदी म्हणून. फलकावर खाली सहा पोरांचे फोटो होते, सगळे गॉगल लावून.

मोतालेबनं दुकानाला जाणं सोडलं. त्याची विडीकाडी, साबण सारजा आणू लागली. तो आपलं आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. खिशाशी हात नेऊन ते आहे का बघायचा आणि मग पुढचा घड धरायचा.

"काकी, माझा बाप, बापाचा बाप, सगळे मालद्यात मेले," तो एकदा म्हणाला. "अजून कुठला कागद पायजे?"

 सारजा म्हणाली, तू आमच्या बागेत हायस, तुला कोण काय करतंय. तिला ते खरंच वाटत होतं, आणि पुढं त्याचंच तिला जास्त लागून राहिलं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ग्रामपंचायतीचा शिपाई संभाजी रजिस्टर घेऊन आला. ग्रामसभेला शंभर माणूस लागतं. या वाडीत शंभर माणूस सभेला बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. वीस-पंचवीस यायचे, चहा घ्यायचे, उठायचे. मग दुसऱ्या दिवशी संभाजी सायकलवर रजिस्टर अडकवून घरोघर, गोठ्यागोठ्यांत फिरायचा आणि शंभर सह्या पुऱ्या करायचा. लोक धार काढता काढता सही करत, कुणी मोटरसायकलवरून न उतरता करत. वाचायचं काही असतं असं कुणाच्या मनातही येत नसे. संभाजीला परत पाठवणं म्हणजे त्याचा हेलपाटा वाढवणं, आणि संभाजी गरीब माणूस होता.

सारजाला तर सही करायची हौसच होती. बचत गटात बसून पन्नाशीला शिकलेली सही. हात बागेतल्या औषधानं चिकट झाले होते, ते तिनं लुगड्याला पुसले.

"कशाचं हाय?" तिनं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"न्हेमीचंच, काकू. कोरम भरायचाय."

तिनं जीभ बाहेर काढून, अक्षर न अक्षर कोरून सारजा आबाजी मारकड लिहिलं. संभाजी म्हणाला, आबांचाबी घेऊ का, तीनच कमी पडायल्यात. आबाजी नुकतेच अंघोळ करून खाटेवर टेकून बसले होते. संभाजीनं जांभळ्या शाईची डबी उघडून त्यांचा डावा हात धरला, तर आबाजी तो सोडेनात, मागं ओढू लागले. दुसऱ्या कुणी धरलं की ते असंच करत. मोतालेब कपडे पिळत होता. तो आला, खाटेपाशी बसला.

"काका, अंगठा द्या. फक्त अंगठा," म्हणाला.

आबाजींचा हात सैल पडला. मोतालेबनं मनगट नीट धरलं, अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर. ठसा स्वच्छ उमटला. संभाजीनं कौतुक केलं, लोकांचे सगळे फराटे उठतात, हा कसा चांगला आला म्हणून. मोतालेबनं आपल्या गमछ्यानं आबाजींचा अंगठा पुसला. गमछ्याला जांभळा डाग पडला. सारजानं संभाजीला चहा दिला, आणि ते सगळं विसरून ती बागेत गेली.

गुरुवारी सरपंच सर्जेराव आले, मागं दहा-बारा पोरं. सर्जेराव आबाजींच्या चुलत भावकीतले, सणासुदीला पाया पडणारे. आज ते बांधावरच उभे राहिले, अंगणात आले नाहीत. पोरांतल्या शिवमनं कागद वाचला. कमानीवरच्या सहा फोटोंतला एक तो. ठराव क्रमांक सात. वाडीच्या हद्दीत परराज्यातील मजूर कुणीही कामास अथवा राहण्यास ठेवू नये. आज असलेल्यांनी रविवारी दुपारी बारापर्यंत हद्द सोडावी. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, सर्जेराव. अनुमोदक, आबाजी मारकड.

सारजाला वाटलं, आपल्याला ऐकू येण्यात काही चुकलं.

"कोण आबाजी?" ती म्हणाली.

शिवमनं कागद तिच्यापुढं धरला. झेरॉक्समध्ये जांभळा ठसा काळा झाला होता, पण रेषा न रेषा स्वच्छ होती. तिच्या मागं मोतालेब उभा होता, हातात कात्री. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. ठसा मात्र त्यानं ओळखला.

"काकी, हे त्या दिवशीचं," तो हळू म्हणाला.

ती त्याच्याकडं वळून बघू शकली नाही. रागानं नव्हे, लाजेनं तिचे कान तापले होते. लोक निघून गेल्यावर ती मोतालेबला सांगत राहिली की मला ठाऊक नव्हतं, आईची आण. तो म्हणाला, मालूम हाय काकी, हात तर मीच धरला होता. आणि तो पुन्हा घडाशी जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याची कात्री दोनदा चुकून देठावर चालली. अख्खे घड खाली पडले.

शुक्रवारी ती ग्रामपंचायतीत गेली. आत मीटिंग चालली होती. तिला पायरीवर बसायला सांगितलं. दोन तास बसली. येणारेजाणारे तिच्या बाजूनं, पाय लागू नये एवढं सांभाळून आत जात होते. बायका पाण्याला येत, एरवी थांबून चार गोष्टी करत, आज घागर भरून निघून जात. आतून चहाचे कप तीनदा बाहेर आले.

सर्जेराव भेटले तेव्हा घामेजले होते. तिनं सांगितलं, आमचं नाव काढा. ते म्हणाले, काढता येत न्हाय, त्याला पुन्हा सभा लागती. ती म्हणाली, माणूस बोलत न्हाय, हलत न्हाय, त्यानं अनुमोदन दिलं कसं?

"वहिनी, अनुमोदकाला जुनं मानाचं नाव लागतं. आबांएवढा मान वाडीत कुणाला हाय? आमी मानच दिला की त्यांना."

 मग सर्जेरावांचा आवाज खाली आला. माझ्या गोठ्यावर दोघं होते, परवाच दौंडला गाडीत बसवून आलो, ते म्हणाले. स्वतःचाच पोरगा दारात उभा राहून म्हणाला, सरपंच हाय ना, मग तुमच्यापासनं सुरुवात करा. आता पंचवीस म्हशींची शेणं मी आणि बायको काढतोय. हे सांगताना ते खिडकीतून बाहेर, पारावर बसलेल्या पोरांकडं बघत होते.

"आमीबी कुणाच्या गावचे न्हवतो, सर्जेराव," सारजा म्हणाली.

"ते येगळं, वहिनी. तुमी आपली माणसं."

वेगळं कसं ते तिला कळलं नाही. मेंढरांमागं फिरायचे तेव्हाची गोष्ट, ती वीस वर्षांची होती, राम तान्हा होता. घाटाखालच्या एका गावाबाहेर पाल ठोकलं होतं. कुणाच्या तरी मेंढरांनी कुणाचं तरी पीक खाल्लं, आणि काठ्या घेऊन माणसं हिच्या पालापुढं आली. चुलीवर भात होता. शिजू दिला नाही. तापलं पातेलं तसंच डोक्यावर घेऊन ती चालली होती. चुंबळ सरकली आणि टाळूवरचं कातडं भाजलं. तिथं आजही केस येत नव्हते. त्या वेळीही कुणीतरी गावचा मोठा माणूस बाजूला उभा होता आणि दुसरीकडं बघत होता. आबाजी तेव्हा एक शब्द बोलले नव्हते, मुकाट्यानं घोडं लादत होते. पदर पुढं ओढून ती पायऱ्या उतरली.

रात्रभर विचार करून तिनं ठरवलं की कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं. शेजारच्या मळ्यातली रंगूबाई, वांगी-टोमॅटोवाली, तिची जिवाभावाची. रंगूबाईच्या नातसुनेनं, वृषालीनं, अर्ज लिहून दिला. आम्हां खालील सही करणारांना सदर ठराव मान्य नाही, सभा पुन्हा घ्यावी. खाली एक ते शंभर आकडे. सारजानं पहिली सही केली, रंगूबाईनं अंगठा दिला, वृषालीनं सही केली. शनिवारी सकाळी सारजा निघाली, संभाजी निघतो तशी, घरोघर आणि गोठ्यागोठ्यांत.

जन्मात ज्या वाडीनं एक ओळ वाचून सही केली नव्हती, ती वाडी त्या दिवशी वाचायला बसली. लोक चष्मे शोधू लागले. कुणी कागद उजेडात धरला, कुणी दोनदा वाचला, कुणी दुसऱ्याकडून वाचून घेतला. धार काढता काढता सही करणारा गडी हात धुऊन आला, वाचलं आणि म्हणाला, मालकाला विचारून सांगतो. ज्याच्या डाळिंबात सात बंगाली होते तो म्हणाला, माझंबी वाटोळं झालंय काकू, पर माझी सही पहिल्या पानावर नको. दुसरं पान तर कोरंच होतं. एकीनं दाराआडून सांगितलं की घरात कुणी नाही. ती स्वतः घरात होती.

कुणी तिला वाईट बोललं नाही, हे आणखी वाईट. सगळे हळहळले. आबांचं कसं हुईल म्हणाले, पाणी दिलं. दुपारपर्यंत अर्जावर त्याच तीन खुणा होत्या. टाचा भेगाळून रक्त आलं होतं. रामला फोन लावला.  तो म्हणाला, आई, जाऊ दे त्याला, आपल्याला तितं ऱ्हायचंय. सारजा म्हणाली, तुला कुठं ऱ्हायचंय रं तितं. आणि फोन ठेवून तिला त्या बोलण्याचं वाईट वाटलं.

टोळीतले पाचही जण त्याच दुपारी गेले. विरळणी अर्धीच झाली होती. चार ओळी हातावेगळ्या, पुढचे घड तसेच दाटलेले.

मोतालेब थांबला. उद्या काकांना अंघोळ घालून जातो म्हणाला. तोवर तो सारजाला उचलायचं शिकवत होता. स्वतः आबाजींसारखा लुळा होऊन खाटेवर पडला आणि म्हणाला, उचला काकी. ती संकोचली, मग काखेत हात घातले. तो वाळकुडा माणूस, उचलला गेला. गुडघ्यातून जोर घ्या, कमरेतून नको, तो सांगत होता. आधी काकाला सांगा, मग हाताला काही द्या, मग उचला. मग खरोखर आबाजींना उचलून पाहिलं. ते एक वीत वर आले आणि दोघंही खाटेवर पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा सारजाला हसू आलं आणि हसता हसता रडू. आबाजींच्या गळ्यातून घरघर झाली. तेही हसत होते की काय, कुणास ठाऊक.

रविवारी वारं सुटलं होतं. थंडी अंगाला लागत होती. मोतालेबनं बंब चांगला पेटवला, आबाजींना दगडावर आणून बसवलं, पाठीला साबण लावला. साडेनऊ झाले असतील. मोटरसायकली आल्या, मागं टेम्पो.

"बाराला म्हणला होता," सारजा म्हणाली.

शिवम म्हणाला, टेम्पो दुसऱ्या वाड्यांचीबी माणसं घेऊन चाललाय, पुन्हा यायचा न्हाय. चालत गेला तर आमची जबाबदारी न्हाय. तो ओरडला नाही. दोघांच्या हातात काठ्या होत्या, तेवढ्यानं काम होत होतं. मोतालेबनं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून आधारकार्ड पुढं धरलं. ते कुणी हातातसुद्धा घेतलं नाही.

"पाच मिनिट, भाऊ. साबण आहे अंगाला," तो म्हणाला.

एकानं त्याच्या दंडाला धरलं. धरलेलं पुरेसं होतं, मोतालेबनं जोर केलाच नाही. पण तो निघाला आणि गळ्याला ओढ बसली, कारण आबाजींची बोटं गमछ्यात होती. त्यांनी तो धरून ठेवला होता. थरथरता हात, पण त्या दिवशी त्यात कुठून बळ आलं होतं. मोतालेबनं बोटं सोडवून पाहिली, काका, सोडा म्हणाला. आबाजींनी सोडलं नाही. अखेर त्यानं मान खाली घालून गमछाच गळ्यातून काढला, तो त्यांच्या हातात तसाच ठेवला आणि टेम्पोकडं गेला. त्याची पिशवी शेडातच राहिली. शिवमनं ती आणून टेम्पोत टाकली.

आबाजी दगडावर उघडे, अंगावर साबण वाळत चाललेला, वाऱ्यानं कातडीवर काटा आलेला. सारजानं पाणी ओतलं. तिला एकटीला ते उचलवणार नव्हते. लाज गिळून ती पोरांकडं वळली.

"बाबांनो, आता ह्यांना खाटंवर घालायला तरी हात लावा."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. शिवम पुढं आला, त्यानं चप्पल काढली. त्यानं पाय धरले, दुसऱ्या दोघांनी खांदे. तिघं तगडी पोरं, पण कुणी आबाजींना काही सांगितलं नाही, हाताला काही दिलं नाही. आबाजींनी अंग आवळलं. ओलं कातडं हातातून सटकलं, कंबर दगडाच्या कडेवर आपटली. त्यांच्या तोंडून आवाज निघाला, मेंढरू कातरायला दाबून धरताना निघतो तसा. शेवटी पोत्यासारखं ओढत त्यांना खाटेवर टाकलं. शिवमचे हात साबणानं माखले होते. ते कुठं पुसावे हे त्याला कळेना. तो तसाच गेला.

मोतालेबचा फोन एकदा आला, दौंडच्या फलाटावरून. काकांना उलटं-सुलटं करत जा, एका कुशीवर ठेवू नका, म्हणाला. त्यानंतर फोन लागलाच नाही. सारजा रोज लावायची आणि बाईचा आवाज येऊन बंद आहे म्हणून सांगायचा.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. पहिले तीन दिवस रंगूबाई आली, चौथ्या दिवशी तिची कंबर धरली. राम दोन दिवस रजा टाकून आला, बापाला उचललं, परत गेला. त्यानंतर आबाजींना खाटेवरच पुसून घ्यायचं. कंबरेचं निळं पडलेलं काळं झालं, मग फुटलं. बागेत घड फुगत होते आणि आतले मणी फुटून रस गळत होता. आंबूस वास घरापर्यंत यायचा. जखमेचा वास आणि द्राक्षांचा वास एकमेकांत मिसळले. तिनं दोन बायका लावून बघितल्या. त्यांना कात्री चालवता येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांना सगळ्या वाडीतून बोलावणी होती. गमछा आबाजींच्या उशाशी असायचा. ते तो हातातून सोडत नसत.

पंधराएक दिवसांनी संभाजी आला. सायकल नारळीला टेकवली, रजिस्टर काढलं. नेहमीप्रमाणे खाली मान घालून म्हणाला, काकू, कोरम.

सारजानं रजिस्टर त्याच्या हातातून घेतलं. आज ती वाचणार होती, एकेक अक्षर लावून, दुपार झाली तरी. खाली एक ते शंभर आकडे होते, चाळीसेक सह्या झाल्या होत्या. तिनं नजर वर नेली. वरचं अर्धं पान कोरं होतं.

"वर काय न्हायच की," ती म्हणाली.

"ते मागनं लिवत्यात."

"त्या दिवशीबी असंच होतं?"

संभाजी बोटाला लागलेली शाई चोळत राहिला. तिनं रजिस्टर मिटून त्याला परत दिलं. तो उठला, जाता जाता सवयीनं खाटेकडं वळला आणि डबी उघडून आबाजींच्या डाव्या हाताकडं हात नेला. आबाजींनी अंगठा आत घेतला, त्यावर चार बोटं मिटली, आणि मूठ गमछ्यासकट छातीशी धरली. संभाजीनं बोटं उकलून पाहिली. उकलेनात.

"काकू, तुमी सांगा की त्यांना."

"मी न्हाय सांगत. त्यांच्याशी बोलायचं ज्याला कळत होतं त्याला तुमी घालवला."

संभाजी गेला. बंबातलं पाणी तापलं होतं. आज काही झालं तरी दगडावर न्यायचं, जखम नीट धुवायची, असं तिनं सकाळपासून मनाशी धरलं होतं. ती खाटेपाशी उकिडवी बसली, मोतालेब बसायचा तशी. आता उठू या, म्हणाली. पदराचं टोक पुढं केलं, त्यांनी धरावं म्हणून.

आबाजी तिच्याकडं बघत होते. मूठ त्यांनी उघडली नाही. मोतालेबला सांगितलं तेच तिनं त्यांनाही सांगितलं, मला ठाऊक न्हवतं ओ, आणि पदर त्यांच्या बोटांवर ठेवला. तो घसरून खाली पडला. जांभळ्या डागाचा गमछा त्यांनी आणखी घट्ट धरला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. पाणी निवेपर्यंत ती तशीच बसून होती.